भाभीची सहा मिनिटं

बाबांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला तेव्हा मी बारावी नापास होऊन घरी बसले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे काही वर्षं मी स्वतःला कलावंत म्हणवून घेतलं आणि त्या काळात ही गोष्ट कोणालाही कळू दिली नाही.

साल १९९८. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, हंगामात लग्नं. खांद्यावर घ्यायचा तो दणकट कॅमेरा आला आणि थोड्याच दिवसांत खाडीपलीकडच्या गावांतून एक वेगळंच काम यायला लागलं. तिथल्या मुसलमान घरांतले निम्मे पुरुष कुवेत, दुबई, मस्कतला. त्यांना पाठवायला घरच्यांची टेप करून हवी असायची. पण घरात, बायकांच्या खोलीत, परका पुरुष कॅमेरा घेऊन शिरणार कसा? "बाईमाणूस असेल तर पाठवा," असा निरोप आला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याखाली बसून कैरी खात होते.

अशी मी त्या धंद्यात पडले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. प्रत्येक टेपचा क्रम ठरलेला असायचा. आधी घर बाहेरून, म्हणजे त्याच्या कमाईतून घातलेला नवा स्लॅब. मग विहिरीवरचा पंप, दारातलं कलम आणि त्याला धरलेले आंबे. मग आईवडील, मग मुलं. मुलांना इंग्रजी कविता म्हणायला लावायचे. सगळ्यात शेवटी बायको. ती बिचारी खुर्चीत ताठ बसायची आणि माझ्या पाठीमागे सासू, नणंद, दोन-चार शेजारणी उभ्या. त्या पलटणीसमोर ती नवऱ्याला सांगायची की सगळं ठीक आहे, अम्माचे गुडघे दुखतात, धाकट्याला चष्मा लागला, तुम्ही तब्येतीला जपा. झालं. सुट्टी संपवून परत निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेत लोणचं आणि सुक्या मच्छीबरोबर ती टेप जायची. तिकडे ती लागायची तीही सगळ्यांच्या समोरच. एका खोलीत आठ जण राहत, टीव्ही एक.

कामाची एक खुबी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. बटण दाबल्यावर पहिली काही सेकंदं टेप नीट धरत नसे. म्हणून मी आधी बटण दाबायची, थोडं थांबायची आणि मग म्हणायची, "हं, बोला." बोलणं संपल्यावरही जरा वेळ चालू ठेवायची. त्यामुळे प्रत्येक बाईच्या बोलण्याच्या आधी आणि नंतर एक जादा तुकडा राहायचा. घरी आल्यावर दोन व्हिसीआर जोडून मी चांगला भाग कोऱ्या कॅसेटवर उतरवायची. जादा तुकडे मूळ कॅसेटवर राहायचे, आणि त्या कॅसेटवर बाबा पुढचं लग्न घ्यायचे.

या घरांमध्ये एक भाभी होती. पस्तिशीची असेल. लग्नाला सोळा वर्षं झालेली. नवरा कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर, दोन वर्षांनी दोन महिने यायचा. हसताना पुढचा वाकडा दात दिसू नये म्हणून ती तोंडावर हात धरायची. मी गेले की आधी खायला घालायची. "कॅमेऱ्याच्या वजनानं मोडशील गो बाय," म्हणायची. तिच्याकडे मी चार-पाच वेळा गेले असेन. तिचा माझ्यावर जीव होता, आणि मलाही ती आवडायची. हे मुद्दाम लिहिते आहे. अनोळखी बाईशी वागले असते तर निदान अनोळखीपणाचं निमित्त तरी सांगता आलं असतं.

१९९९ च्या एप्रिलातली दुपार. भाभीचं नेहमीचं बोलणं झालं. असरची बांग झाली, तशी सासू नमाजला उठली. शेजारणी पांगल्या. मी सवयीनं कॅमेरा चालूच ठेवला होता. भाभी खुर्चीवरून उठली नाही. मागच्या दारातून उन्हाची तिरीप येऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडली होती. मी कॅमेऱ्याच्या काचेतून बघत राहिले. आणि ती बोलायला लागली. हळू आवाजात, कॅमेऱ्याकडे बघून, म्हणजे नवऱ्याशी.

"तुमी येता ना, तवा..." अशी सुरुवात होती. एवढं मला नक्की आठवतं.

त्यापुढचं मी ऐकलं नाही. कान उघडे होते, पण ऐकलं नाही. मी बॅटरीचा दिवा बघत होते. ऊन सरकतंय का ते बघत होते. मनात म्हणत होते की हलू नको भाभी, अशीच बस, काय सुंदर दिसतंय हे! सहा मिनिटं ती बोलली. मध्ये एकदा थांबली, केस कानामागे घेतले, परत बोलली. संपल्यावर ओढणीनं चेहरा पुसून उठली आणि माझ्याजवळ आली.

"ह्ये पुसून टाक हां गो. धाडू नको. तिथं खोलीत सगळे बसतात बघायला."

"पुसते भाभी. काळजी करू नका."

मी पुसलं नाही. पाठवायच्या कॅसेटवर ते घेतलं नाही, इतकंच. मूळ कॅसेट बाबांच्या हाती लागू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात ठेवली. भाभीच्या भल्यासाठी नव्हे, त्या उन्हासाठी. त्यानंतर मला नादच लागला. दुसऱ्या घरांतलेही आधीचे-नंतरचे चांगले तुकडे दिसले की ती कॅसेट मी बाजूला काढायची. अशा सात जमल्या. बाबा कुरकुर करायचे की कॅसेटी जातात कुठे.

पुढे बारावी सुटली आणि हट्ट करून मी पुण्याला व्हिडिओ शिकायला गेले. तिथल्या मुलामुलींनी बघितलेल्या गोष्टींची नावंही मला उच्चारता येत नव्हती. मी लग्नाच्या कॅसेटी काढायची हे मी लपवलं. रत्नागिरीची म्हटल्यावर सगळे आंब्याची पेटी मागत, त्याचा मला राग यायचा. दोन वर्षं मी काहीबाही करत होते. पावसाचं पाणी, जिना, स्वतःचे पाय. सगळं उसनं. माझ्यात काहीतरी कमी आहे आणि ते कधी भरून येणार नाही, असं मला सारखं वाटायचं, आणि ते खरंही असावं.

एकदा आमच्या सरांनी वर्गात सांगितलं की व्हिडिओ आर्टमध्ये काही घडलंच पाहिजे असं नाही. नुसतं वाट बघणारं माणूस दाखवलंत तरी पुरे, पण ते खरं वाट बघत असलं पाहिजे. मला भाभी आठवली. दिवाळीला घरी आले आणि कपाटातल्या सात कॅसेटी बॅगेत घालून घेऊन गेले.

त्यांतून केलेलं काम असं होतं. अंधाऱ्या खोलीत सात लाकडी खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक टीव्ही, बसलेल्या बाईचा चेहरा येतो त्या उंचीवर. सहा टीव्हींवर सहा बायका, बोलायच्या आधीच्या. कोणी ओढणी सारखी करते आहे, कोणी ओठांवरून जीभ फिरवते आहे, कोणी कॅमेऱ्याच्या मागे सासूकडे बघते आहे. बोलण्यासाठी तोंड उघडलं की चित्र परत पहिल्यापासून. म्हणजे त्या बायका कधी बोलणारच नाहीत. आणि मधोमध भाभी. ती एकटी बोलते आहे, सहा मिनिटं, पण आवाज नाही.

आवाज मी घेतलाच नव्हता. उतरवून घेताना चित्राची पिवळी पिन जोडली आणि आवाजाची पांढरी मोकळी सोडली. लोकांना मी सांगितलं की मौन जास्त बोलकं असतं. स्वतःला सांगितलं की भाभीला दिलेला शब्द मी निम्मा तरी पाळते आहे. दोन्ही वेळा माझा चेहरा गंभीर होता.

हे काम आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात मांडायचं होतं, पण आदल्या दिवशी चैन पडेना. भाभीचा हात सारखा डोळ्यांपुढे येत होता, तोंडावर धरलेला. शेवटी मूळ कॅसेट व्हिसीआरमध्ये घातली आणि काहीही न जोडता रेकॉर्डचं बटण दाबलं. कॅसेट पुसायला तेवढाच वेळ लागतो जेवढा ती भरायला लागला होता. मी समोर बसून आकडे सरकताना बघितले. झाल्यावर मला फार स्वच्छ वाटलं. पुसते म्हटलं होतं, पुसलं! बिनआवाजाची प्रत तर माझ्याकडे होतीच. त्या दिवशी जेवण चवीनं गेलं, हेही आठवतं.

प्रदर्शन गाजलं. विद्यार्थ्यांच्या मानानं खूपच. भाभीच्या खुर्चीसमोर लोक मांडी घालून बसायचे. एका वयस्क बाईंनी डोळे पुसत माझे दोन्ही हात धरले. सोबत एक पत्रक होतं, ते मीच लिहिलं होतं. "वाट पाहणं हेच जिचं घर झालं, अशा स्त्रीचा हा न ऐकू येणारा शब्द. इच्छा पूर्ण होत नाही, म्हणूनच ती जिवंत राहते." हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं होतं की मी ते आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आता लिहिताना हात आखडतो.

प्रदर्शनाच्या तीन दिवसांत ती काय बोलते आहे हे एकाच माणसानं विचारलं. हॉल झाडायला येणाऱ्या मावशींनी. केरसुणी हातात धरून त्या भाभीकडे पूर्ण सहा मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय सांगतीय हो ही बाई?" मी हसून म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही, मावशी." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाडायला लागल्या.

एप्रिलात एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यावर लेख आला, भाभीच्या मोठ्या फोटोसकट. तोंड किंचित उघडलेलं, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन. खाली माझं नाव. मी हरखून गेले होते. ते वर्तमानपत्र रत्नागिरीतही येतं, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पुणं आणि रत्नागिरी ही दोन वेगळी जगं आहेत आणि त्यांच्यामध्ये फक्त मीच येजा करते, असं काहीतरी मी धरून चालले होते.

मे महिन्यात सुट्टीला घरी आले. रिक्षातून उतरले आणि स्टुडिओच्या शोकेसकडे लक्ष गेलं. एका नवरीच्या आणि पासपोर्ट फोटोंच्या नमुन्याच्या मध्ये ते पान लॅमिनेट करून लावलेलं. खाडीपलीकडच्या गाड्या जिथे लागतात तिथून चालत बाजारात जाणारी प्रत्येक बाई त्या शोकेसवरून जाते. मी बॅग पायरीवर टाकून आत गेले.

"बाबा, हे आधी काढा."

"का गो? बारा दिवस झाले लावून. लोक थांबून थांबून बघतायत! पोरीनं नाव काढलंन म्हणतात."

बाबांचा काय दोष? ते त्या घरात कधी आत गेलेलेच नव्हते. ती बाई कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती कोणीतरी आहे, हे ठाऊक असायला हवं होतं मला. मी काच सरकवून पान काढलं. बाबा दुखावले. त्यांना कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला गेलेले असताना भाभी आली. एकटी, हातात कापडी पिशवी. थोडी जाड झाली होती. पासपोर्ट फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तू नाय पुसलंस."

चार वर्षांत या वाक्याची मी किती उत्तरं तयार केली होती! मी नुसतं "भाभी, चुकलं माझं" असं काहीतरी पुटपुटायला लागले. वाटलं, हिनं आता चार शिव्या घालाव्यात, ओरडावं, म्हणजे हे एकदाचं संपेल.

तर ती हसली. तोंडावर हात धरून.

"बरं केलंस गो. बरं केलंस ते नाय पुसलंस."

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. नवरा बकरीदीच्या आधीच कायमचा परत आला होता. इराकची लढाई होणार म्हणून बरेच जण आले, त्यात तोही. आता घरीच असतो. शेजाऱ्यांचे फ्रीज दुरुस्त करून देतो, चहा मागतो, पडवीत बसून राहतो. बोलत नाही. तिलाही त्याच्याशी काय बोलायचं ते सुचत नाही. दोन महिने राहायची सवय, तिसरा महिना लागल्यावर दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. आणि गेल्या आठवड्यात तो औषधं आणायला रत्नागिरीत आला आणि त्यानं शोकेसमध्ये तिला बघितलं.

"मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. रात्री जेवताना म्हनतात, कोनाशी बोलत होतीस? मी म्हनलं, तुमच्याशीच. मग म्हनतात, काय बोलत होतीस?" भाभीनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "वीस वर्षांत ह्यानी मला ह्ये पयल्यांदा विचारलं गो."

तिला तोंडानं सांगता येईना. लाज वाटली, आणि सगळं आठवेनाही. म्हणून तिनं सांगितलं की टेप आहे त्या मुलीकडे, आणते, मग बघा. "व्हिडिओच्या मशिनीवरची धूळ पुसून ठेवलीय त्यानी सकाळीच. बसलेत. दे लवकर, साडेचारची गाडी हाय."

आणि तिनं पिशवीचं तोंड उघडून माझ्यासमोर धरलं.

मी सांगितलं. आधी सांगितलं की माझ्याकडे आहे त्यात आवाज नाही. तिला ते समजलं नाही. "मग आवाज कुठं हाय?" मी म्हणाले, पहिल्या कॅसेटवर होता. "मग ती दे." ती मी पुसली. "कवा?" शिमग्याच्या आधी. तिनं मनात हिशेब केलेला मला दिसला. "तवा हे घरी आलेले," ती म्हणाली.

मी घाईघाईनं म्हणाले, परत करू या भाभी, आत्ताच, कॅमेरा आहे, बॅटरी भरलेली आहे. ती मान हलवत राहिली. "आता मानूस घरात बसलंय. कॅमेऱ्याला काय सांगू?" मग तिचा चेहरा एकदम उजळला. "तूच सांग की! तू होतीस. मी काय बोललेले? सुरुवात मला म्हायती हाय. पुढचं तू सांग, म्हंजे मला आठवंल."

ती सहा मिनिटं मी दोनशे वेळा बघितली असतील. कितव्या मिनिटाला ती थांबते, कुठे केस कानामागे घेते, कुठे तिचा खालचा ओठ दाताखाली जातो, हे मी आजही झोपेतून उठून सांगेन. मी डोळे मिटले. ऊन दिसलं, ओठ हलताना दिसले, शब्द एकही नाही. तिथे पिशवी उघडी धरून ती बसली होती आणि माझ्या तोंडून, देवा, माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तुम्ही म्हणालात... की वाट बघणं हेच माझं घर झालं."

भाभीनं ते लक्ष देऊन ऐकलं. ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. ओळखीचं वाटतं का ते बघत होती.

"असं मी बोलले?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "असं मी नाय बोलत."

तिनं पिशवीची घडी केली. ती रागावली नव्हती, आणि ते मला सहन होत नव्हतं. दारापाशी जाऊन ती वळली, आणि तिला खरंच नवल वाटत असावं अशा आवाजात म्हणाली, "तू तर समोरच होतीस."

मग ती साडेचारच्या गाडीसाठी निघून गेली.